तरुण जॅझवाले आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावरचा काटा

मुंबईत तरुण मुलामुलींचा जॅझचा कार्यक्रम असला की एक गोष्ट हमखास पाहायला मिळते. विशी-बाविशीतली सॅक्सोफोनवाली सोलोसाठी, म्हणजे एकटीच्या वादनासाठी, पुढे येते. सुरुवातीला अंदाज घेत, तुटक तुटक वाजवते. मग एका वरच्या सुरावर थांबते आणि तो लांबवत नेते. ड्रमवाल्याची काठी झांजेवर चालू असते, बेसवाला डोळे मिटून एकेक सूर खाली उतरत असतो. ओळ अजून पुरी झालेली नसते, आणि तेवढ्यात प्रेक्षकांतून तीन-चार ठिकाणांहून एकदम ‘आह्!’ निघतो. कुणाचे डोळे भरून येतात, कुणी शेजाऱ्याचा दंड घट्ट धरतं. ओळ संपायच्या आधीच दाद गेलेली असते.

ही दाद इतकी लवकर का जाते? आणि ती वाजवणाऱ्यापर्यंत पोचल्यावर संगीताचं काय होतं? या दोन्ही प्रश्नांवर गेल्या पंचवीस वर्षांत मेंदूविज्ञानात बरंच काम झालं आहे. मला यातला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. श्रोत्याला काय वाटलं हे आपण कार्यक्रमाच्या शेवटी विचारतो, जणू तो नुसता परिणाम आहे. निदान जॅझमध्ये तरी श्रोत्याचं वाटणं वाजवण्यातच मिसळत असतं, आणि वाजवणारा वयाने लहान असेल तर ते जास्तच मिसळतं.

आधी शरीराकडे पाहू. केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो. तो आखडला की केस उभा राहतो आणि त्वचेवर फोडासारखा उंचवटा दिसतो. या स्नायूवर आपला ताबा नसतो. थंडीत आणि भीतीत जी सिम्पथेटिक मज्जासंस्था कामाला लागते, तीच त्याला चालवते. त्याच वेळी ठोके आणि श्वास बदलतात, तळहाताला न जाणवेल इतका घाम येतो आणि त्वचेतून वीज जास्त सहज वाहू लागते. प्रयोगशाळेत बोटांना दोन इलेक्ट्रोड लावून हे मोजतात. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. त्यांतले स्वेद, रोमांच, वेपथू आणि अश्रू हे चार आज वाचताना थक्क व्हायला होतं. नटाच्या अभिनयासाठी केलेली ती यादी आता संगीत ऐकणाऱ्याच्या शरीरावर यंत्रं लावून तपासली जाते.

हा शहारा मेंदूत कुठून निघतो, याचा पहिला धागा १९८० मध्ये सापडला. अ‍ॅव्हराम गोल्डस्टीन या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने काही लोकांना त्यांच्या आवडीचं संगीत ऐकवण्याआधी नॅलोक्सोन टोचलं. अफूजन्य द्रव्यांचा परिणाम रोखणारं हे औषध. काही जणांचा शहारा त्याने कमी झाला. म्हणजे संगीताच्या आनंदात शरीराची स्वतःची, अफूशी नातं सांगणारी रसायनं सामील असावीत. पुढे २००१ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅन ब्लड आणि रॉबर्ट झातोरे यांनी शहारा येत असतानाच मेंदूचे पेट स्कॅन घेतले. भुकेल्याला अन्न मिळाल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, तेच इथे जागे झालेले दिसले. आणि २०११ मध्ये त्याच विद्यापीठात व्हॅलोरी सलिमपूर आणि सहकाऱ्यांनी डोपामिन या रसायनाचा माग काढला. शहाऱ्याच्या परमोच्च क्षणी डोपामिन न्यूक्लियस अक्युम्बन्स या भागात सुटत होतं. पण त्या क्षणाच्या काही सेकंद आधी, ‘आता येणार, आता येणार’ अशी वाट पाहताना, ते कॉडेट नावाच्या वेगळ्या भागात सुटत होतं.

ओळ संपण्याआधी जाणाऱ्या दादीचं उत्तर इथे आहे. मेंदूला बक्षीस मिळतं ते दोन हप्त्यांत, आणि पहिला हप्ता वाट पाहण्याचा. २०१९ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी याला आणखी पक्का पुरावा दिला. डोपामिन वाढवणारं लेवोडोपा दिल्यावर लोकांना संगीत जास्त आवडलं, डोपामिनला अडवणारं रिस्पेरिडोन दिल्यावर तेच संगीत कमी भिडलं.

मात्र ब्लड-झातोरे आणि सलिमपूर यांच्या प्रयोगांत एक अट होती. लोक त्यांच्या पाठ असलेल्या, स्वतः निवडून आणलेल्या ध्वनिमुद्रणांवर शहारत होते. जॅझच्या सोलोत पुढचा सूर वाजवणाऱ्यालाही धड माहीत नसतो. मग वाट पाहायची ती कशाची?

सांगाड्याची. जॅझमध्ये सर्वांना माहीत असलेल्या जुन्या चालींना स्टँडर्ड म्हणतात. त्यांतल्या बऱ्याच चाली बत्तीस बारच्या असतात: आठ-आठ बारचे चार भाग, पहिला-दुसरा-चौथा जवळपास सारखा आणि तिसरा वेगळा. एका बारमध्ये चार ठोके, म्हणजे एक फेरा एकशे अठ्ठावीस मात्रांचा. ब्लूजचा फेरा छोटा, बारा बारचा, अठ्ठेचाळीस मात्रांचा. सुरुवातीला सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, मग प्रत्येक जण आपल्या सोलोत त्याच फेऱ्यावर, त्याच कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांच्या) क्रमावर नवीन काही बांधत जातो. आवर्तन कायम, आतला मजकूर नवा. ज्याने ख्याल ऐकला आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. गायक कुठेही भटकला तरी समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येणार हे आपण धरून बसलेले असतो, आणि तिहाई (तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) सुरू झाली की अख्खी मैफल श्वास रोखते.

लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत विन्सेंट च्युंग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हे गणितात बसवलं. अमेरिकेतल्या ७४५ लोकप्रिय गाण्यांतले सुमारे ८०,००० कॉर्ड संगणकाला शिकवले आणि प्रत्येक जागी पुढचा कॉर्ड किती अपेक्षित होता हे काढलं. चाल आणि शब्द काढून टाकून नुसते कॉर्ड लोकांना ऐकवले. आनंद दोन जागी सर्वांत जास्त भेटला. ‘पुढे हेच येणार’ अशी खात्री असताना भलतंच आलं तेव्हा. आणि काहीच खात्री नसताना ओळखीचं आलं तेव्हा. मला वाटतं, पहिल्यांदा जॅझ ऐकणारे बरेच जण ‘काही कळलं नाही बुवा’ म्हणतात त्याचं कारण हेच असावं. खात्रीच तयार झालेली नसेल तर ती मोडण्यात गंमत कुठली? फेरा मोजायला लागलं, बेस कुठे घरी येतो ते कान धरायला लागले, की तोच सोलो अंगावर येतो.

हे एकदा अगदी जवळून पाहिलं. माझ्या शेजारी दादरचे एक काका बसले होते. आयुष्यभर शास्त्रीय ऐकलेले, भाच्याच्या हट्टापायी आलेले. पहिली दोन गाणी त्यांनी हाताची घडी घालून काढली. तिसरी रचना बँडमधल्या एकोणीस वर्षांच्या बेसवाल्याची स्वतःची होती. काकांची घडी सुटली आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. एकदा चुकला, परत पहिल्या पेरावर आला. दोन-तीन फेऱ्यांनी त्यांना ठेका सापडला, आणि पुढच्या वेळी ड्रमवाला पहिल्या मात्रेवर उतरला तेव्हा काकांचा तळवा खुर्चीच्या हातावर बरोबर त्याच क्षणी पडला. ‘सात आहेत रे, सात!’ ते भाच्याला मोठ्यांदा म्हणाले. पुढच्या रांगेतल्या दोघी हसून मागे वळल्या. त्यानंतर काका कार्यक्रम संपेपर्यंत मागे टेकले नाहीत. त्यांच्या कानाला सात मात्रांच्या रूपक तालाची पन्नास वर्षांची सवय होती. ती सवय सॅक्सोफोनसाठी झालेली नव्हती, पण मेंदूला भाकीत करायला तेवढी पुरली.

लयीची आणखी एक बारीक बाब आहे आणि ती मला फार आवडते. जॅझमध्ये ज्याला स्विंग म्हणतात, तो लयीतला झोका नेमका कशाने येतो यावर वादक आणि अभ्यासक कित्येक दशकं वाद घालत आले. २०२२ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या भौतिकशास्त्रज्ञांनी साडेचारशेहून अधिक ध्वनिमुद्रित सोलो तपासले. सोलो वाजवणारे मुख्य ठोक्यावर ड्रम-बेसच्या किंचित मागे राहतात, सरासरी तीस मिलिसेकंद, आणि दोन ठोक्यांच्या मधला सूर मात्र ड्रमच्या बरोबर टाकतात, असं त्यांना आढळलं. तीस मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा तेहतिसावा भाग. मग त्यांनी मुद्रणांतला हा उशीर संगणकावर कमी-जास्त करून जॅझ वादकांना ऐकवला. उशीर असलेलं वाजवणं जास्त स्विंगचं वाटतं असा कौल आला, पण नेमका फरक कशात आहे हे त्यांना सांगता येईना. चांगली तरुण मुलं हे वहीत लिहून शिकत नाहीत. तासन्‌तास मुद्रणांबरोबर वाजवून ते अंगात मुरतं, आणि श्रोत्याच्या पायाला ते कळतं.

आता वाजवणाऱ्याच्या डोक्यात डोकावू. चार्ल्स लिम्ब हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. २००८ मध्ये त्यांनी आणि अ‍ॅलन ब्रॉन यांनी सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांना मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्राच्या नळीत झोपवलं. चुंबकामुळे धातू चालत नाही, म्हणून पस्तीस पट्ट्यांचा प्लास्टिकचा कीबोर्ड मुद्दाम बनवून घेतला. पाठ केलेलं वाजवताना आणि सुचेल ते वाजवताना मेंदूत मोठा फरक दिसला. उत्स्फूर्त वाजवताना कपाळामागच्या बाहेरच्या बाजूचे, स्वतःवर नजर ठेवणारे, चुका पकडणारे भाग शांत झाले आणि मधला, स्वतःची गोष्ट सांगण्याशी जोडलेला भाग जास्त चालू लागला. २०१४ मध्ये त्यांच्याच गटाने दोन वादकांना आळीपाळीने चार-चार बार वाजवायला लावले. आपल्या सवाल-जवाबासारखाच हा प्रकार. तेव्हा भाषेच्या वाक्यरचनेचे भाग कामाला लागले, शब्दार्थाशी जोडलेला भाग मागे पडला. वाक्यं होती, अर्थ वेगळ्या वाटेने जात होता.

विशीतल्या वादकाच्या बाबतीत हे स्वतःवर नजर ठेवणं शांत होणं सगळ्यांत अवघड असतं, असं मला त्यांना ऐकताना नेहमी वाटतं. शिक्षक समोर बसलेले, मित्र मोबाइल धरून उभे, आई-वडील मागच्या रांगेत. पहिल्या फेऱ्यात ते पाठ तुकडे जोडतात. ते ऐकायला छान असतं, पण श्रोते ढिले बसलेले असतात. मग एखादी चूक होते, किंवा ड्रमवाला अचानक काही वेगळं टाकतो, आणि सोलो सुटतो. त्या क्षणी सभागृहातली हालचाल थांबते.

उत्स्फूर्त आणि पाठ यांतला फरक श्रोत्याला खरंच कळतो का? २०११ मध्ये आनेरोसे एंगेल आणि पीटर केलर यांनी बावीस जॅझ वादकांना पियानोच्या ओळींच्या जोड्या ऐकवल्या. एक ओळ उत्स्फूर्त वाजवलेली, दुसरी तिचीच नक्कल. ओळखण्याचं प्रमाण फक्त ५५ टक्के आलं, नाणं उडवण्यापेक्षा थोडंच बरं. तरीही स्कॅनमध्ये उत्स्फूर्त ओळींना अमिग्डला जास्त प्रतिसाद देत होती. अमिग्डला म्हणजे बदामाच्या आकाराचा, अनपेक्षिताची आणि भावनेच्या महत्त्वाची दखल घेणारा भाग. उत्स्फूर्त ओळींत सुरांची ताकद आणि वेळ थोडी जास्त अनियमित होती, मेंदूने ती टिपली. माणसाला सांगता येत नव्हतं, पण आत कुठेतरी नोंद होत होती.

समोर बसून ऐकण्याकडे आता वळतो, कारण माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. झुरिक विद्यापीठात २०२४ मध्ये एक देखणा प्रयोग झाला. श्रोता स्कॅनरमध्ये, पियानोवादक बाहेर. श्रोत्याच्या अमिग्डलाची हालचाल वादकाला त्याच क्षणी पडद्यावर दिसत होती आणि ती वाढावी म्हणून तो वाजवण्यात बदल करत होता. तुलनेसाठी त्याच वादकाची मुद्रणंही ऐकवली. समोर वाजवलेल्या संगीताला अमिग्डलाचा प्रतिसाद जास्त आणि जास्त स्थिर होता, आणि संगीताचे चढ-उतार व मेंदूतले चढ-उतार जुळत होते ते फक्त समोरच्या वादनात. श्रोत्याची भावना वादकापर्यंत पोचते, वादक बदलतो, त्याने भावना पुन्हा बदलते, असं हे चक्र आहे. क्लबमध्ये वादकाला पडदा लागत नाही. पुढच्या दोन रांगांचे चेहरे, हुंकार, खुर्चीचा आवाज एवढ्यावर त्याचं काम चालतं. त्याच रांगांत सगळ्यांनी फोन वर धरले की वाजवणाऱ्याला चेहऱ्यांच्या जागी फोनच्या पाठी दिसतात. तरुण वादकांना आपण हे करू नये, असं मला मनापासून वाटतं.

चाहत्यांचा वेगळा अभ्यासही आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात लाइव्हलॅब नावाचं खरंखुरं छोटं सभागृह प्रयोगशाळा म्हणून बांधलं आहे. तिथे एका रॉक गायकाच्या नव्या अल्बमच्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या डोक्याची हालचाल कॅमेऱ्यांनी टिपली. दुसऱ्या गटाला त्याच गाण्यांचं मुद्रण त्याच सभागृहात ऐकवलं. समोर गायक असताना डोकी जास्त हलली, आणि आधीपासूनचे चाहते बाकीच्यांपेक्षा जास्त हलले, ठोक्याशीही जास्त जुळले. २०२२ मध्ये तिथेच इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात ८ ते ३७ हर्ट्‌झ इतक्या खालच्या ध्वनीचे स्पीकर मधूनमधून चालू-बंद केले. ते चालू आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, पण ते चालू असताना लोक ११.८ टक्के जास्त नाचले. शरीर कानाच्या पलीकडून, त्वचेतून आणि तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णातूनही ऐकतं. उभ्या बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्‌झची असते. मोबाइलच्या स्पीकरमधून तिचा पाया जवळजवळ गळूनच पडतो. तरुण बेसवाल्यांना रीलवर ऐकून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्यांनी एकदा तरी त्यांच्यापासून दहा फुटांवर उभं राहावं.

मुंबईच्या जॅझचा इतिहास या हालचालीपासूनच सुरू होतो. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. मग पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले, १९३९ पासून दोन दशकांहून अधिक काळ मिकी कोरिया यांचा बँड तिथे वाजत राहिला. हे सगळं नाचण्यासाठीचं संगीत होतं. धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोव्याच्या गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहणारे गोव्याचे वादक रात्री हॉटेलांत स्विंग वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, त्यामुळे ज्यांनी कधी जॅझ ऐकलं नव्हतं त्यांचे पायही त्याच ठेक्यावर हलत होते. पुढे जॅझ खुर्चीत बसून ऐकायचं झालं. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, तेव्हा मोकळ्या आकाशाखाली अमेरिकी सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स वाजवून गेले. ते रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमांत अडकून संगीताला बंद झालं, याचं मला फार वाईट वाटतं. आजूबाजूच्या रुग्णालयांची गरज मान्य आहे. पण त्या बदल्यात शहराने तरुण वादकांना तसली, स्वस्त तिकिटाची, दाटीवाटीने बसायची जागा दिली नाही.

दाटीवाटीला अर्थ आहे. बर्लिनमध्ये अभिजात संगीताच्या कार्यक्रमांत १३२ श्रोत्यांच्या अंगावर यंत्रं बसवली होती. त्यांचे ठोके, श्वासाची गती, त्वचेची वीज आणि हालचाल संगीताबरोबर एकमेकांशी जुळत गेली, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, बहुतेक अनोळखी होती. टाळ्यांचंही तसंच. २०१३ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांच्या भाषणांनंतरच्या टाळ्या तपासल्या. माणूस कधी टाळी सुरू करतो आणि कधी थांबवतो, हे भाषण किती चांगलं होतं यापेक्षा आसपास किती जण वाजवतायत यावर जास्त ठरत होतं. जॅझमध्ये प्रत्येक सोलोनंतर टाळी असते, म्हणून पहिली टाळी देणाऱ्याची जबाबदारी मोठी. उगाच दिलेली टाळीही रोगाच्या साथीसारखी पसरते.

डोळेही या भावनेत भागीदार असतात, आपल्याला वाटतं त्याहून जास्त. चिया-जुंग त्साय यांनी २०१३ मध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या स्पर्धांच्या अंतिम फेरीतले छोटे तुकडे लोकांना दाखवले. नुसता आवाज ऐकून विजेता ओळखता आला नाही, पण आवाज बंद करून नुसतं चित्र पाहिलेल्यांना तो अंदाजापेक्षा बराच जास्त वेळा ओळखता आला. ‘आम्ही फक्त ऐकतो’ असं ठामपणे म्हणणारे तज्ज्ञही याला अपवाद नव्हते. एखाद्या मुलीने सोलोत डोळे मिटून ओठ आवळले की आपल्याला जे वाटतं, त्यात सूर किती आणि ओठ किती, हे वेगळं काढता येत नाही. ते वेगळं काढायची गरज आहे असंही मला वाटत नाही.

आणि काही जणांना काहीच होत नाही. बार्सिलोनातच २०१४ मध्ये असे लोक अभ्यासले गेले. पैसे जिंकण्याचा आनंद त्यांना नीट होत होता, ऐकू येण्यात काही दोष नव्हता, फक्त संगीताने बक्षिसाची यंत्रणा हलत नव्हती. साधारण तीन ते पाच टक्के लोक असे असतात. मित्राबरोबर आलेला एखादा जण निर्विकार बसला असेल तर तो अरसिक आहे असं समजायचं कारण नाही. त्याच्या कानापासून बक्षिसाच्या केंद्रापर्यंतचा रस्ता वेगळा आहे.

राहिला वयाचा प्रश्न. लहान वयाचं कुणी असं वाजवलं की आपण जास्त हेलावतो, हे जुनंच आहे. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरात सतरा वर्षांची, पुढे जॅझची मोठी गायिका झालेली एला फिट्झगेराल्ड नाचायला म्हणून आली, धीर सुटला म्हणून गायली आणि स्पर्धा जिंकून गेली. १९६३ मध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांनी आपल्या बँडमध्ये ड्रमवर टोनी विल्यम्सला घेतलं, तोही सतराचाच. आपल्याकडे १९३० च्या दशकात मुंबईच्या जिना हॉलमध्ये प्रा. बी. आर. देवधर यांनी भरवलेल्या संगीत परिषदेत अकरा-बारा वर्षांचा कुमार गंधर्व गायला. तबकड्या ऐकून मोठमोठ्यांची गायकी जशीच्या तशी उभी करणाऱ्या त्या मुलाची त्यानंतर मुंबईभर चर्चा झाली.

अशा वेळी आपल्या तोंडून निघतं: ‘देवाची देणगी!’ या वाक्याचा परिणाम मोजला गेला आहे. २०११ मध्ये त्साय आणि महझरीन बानाजी यांनी संगीतातल्या जाणकारांना दोन पियानोवादकांची ओळख वाचायला दिली. एकाचं वर्णन उपजत प्रतिभेचा, दुसऱ्याचं कष्टाने तयार झालेला. मग दोघांचा एकेक तुकडा ऐकवला. जाणकारांनी आधी सांगितलं होतं की कष्ट जास्त महत्त्वाचे. पण गुण देताना उपजतवाल्याला जास्त दिले. दोन्ही तुकडे एकाच वादकाचे होते. ओळखीतल्या एका शब्दाने त्यांच्या कानात फरक पडला.

मला हा निकाल अस्वस्थ करतो, कारण मुंबईतल्या या मुलांचा दिवस कसा जातो ते मी पाहतो. ड्रमवाला घरी रबरी पॅडवर वाजवतो, कारण भिंतीपलीकडे शेजारचं बाळ झोपलेलं असतं. ट्रंपेटवाला वाद्याच्या तोंडाला आवाज दाबणारा म्यूट लावून कपाटाकडे तोंड करून सूर धरतो. कुमार गंधर्वही त्या परिषदेनंतर देवधरांकडे वर्षानुवर्षं शिकत राहिले, पण लोकांच्या लक्षात राहिला तो जिना हॉलमधला मुलगा. देणगी म्हटलं की ही सगळी वर्षं पुसली जातात, आणि मुलाला पुढच्या वेळी चुकायची भीती वाटू लागते. उपजत असलेल्याने चुकायचं कसं? सोलो सुटायला तर चूक परवडावी लागते.

म्हणून कार्यक्रमानंतर मी वेगळं विचारतो. त्या सात मात्रांच्या रचनेनंतर बाहेर वडापावच्या गाडीवर बेसवाला भेटला. ‘शेवटच्या फेऱ्यात तू खालचा सूर धरून बसलास, ते आधी ठरलं होतं का?’ त्याने मान हलवली. ‘नाही. ते काका सात म्हणून ओरडले ना, ते ड्रमवाल्याला ऐकू गेलं. तो हसला आणि त्याने समेवर मोठी झांज मारली. मग मला पुढे जाववेना, मी तिथेच थांबलो. सॅक्सवालीने ते बघून तिचा सोलो एक फेरा वाढवला.’ वाढलेला तो फेरा म्हणजे तोच, ज्याने आमच्या रांगेतले चार-पाच जण उठून उभे राहिले होते.